एक सोडून

कपाट एका इंचासाठी अडलं. सुतारानं आधी डावा खांदा लावला, मग उजवा, मग मागं सरकून कमरेवर हात ठेवून त्यानं कपाटाकडे असं पाहिलं, जणू ऐन वेळी कपाटानंच अंग फुगवलं होतं. टेम्पोवाला हात झटकत केव्हाच निघून गेला होता. बाहेरच्या खोलीत आता ती आणि सुतार दोघंच, कोनाड्याच्या तोंडाशी तिरकं उभं कपाट आणि नव्या लाकडाचा आंबूस वास. सुतारानं खिशातून पोलादी टेप काढला, कोनाड्याला लावला, कपाटाला लावला, आणि पुन्हा एकदा कोनाड्याला लावला. "कोनाडा एक्केचाळीस, ताई. कपाट बेचाळीस." ती हसली. आजवर घरात आलेल्या प्रत्येक वस्तूनं काही ना काही खोड काढलेलीच होती. टेबलाचा एक पाय आखूड होता, पडद्याचा रंग दुकानात वेगळा आणि खिडकीत वेगळा होता. "प्लास्टर जाड बसलं असेल," ती म्हणाली. "प्लास्टर पाव इंच खातं, फार तर अर्धा खाईल," सुतार म्हणाला, "अख्खा इंच कुणी खात नाही. ही बघा ना तुमची चिठ्ठी, बेचाळीसच लिहिलंय." त्यानं घडीवर फाटत आलेला कागद पुढं केला. अक्षर नवऱ्याचं होतं, ठसठशीत, प्रत्येक आकड्याखाली रेघ मारलेली. आकडे मात्र तिचे होते. सगळ्या घराची मापं तिनंच घेतली होती, बाळंतपणाहून येताना मागून आणलेल्या आईच्या टेपनं.

अख्खा इंच. गुडघ्यांच्या मागच्या बाजूला तिला गार वाटलं. का ते अजून कळलं नव्हतं, पण अंगाला आधी कळलं होतं.

आईचा टेप पिवळा होता, मेणकापडाचा, हाताळून हाताळून चामड्यासारखा मऊ झालेला. आई कपडे शिवायची आणि तो टेप दिवसभर तिच्या गळ्यात असायचा. लहानपणी ती आईच्या मांडीत शिरली की टेपची टोकं तिच्या कानांवर यायची. त्याचा पहिला इंच नव्हताच. टोकाशी सरळ एकचा आकडा, तिथून पुढं दोन, तीन. आई मापं घ्यायची ती याच टेपनं, वाचायची सत्तावीस आणि वहीत लिहायची सव्वीस. इतक्या सहज, की बघणाऱ्याला वाटावं आईला आकडे नीट येत नाहीत. मदतीला बसवलं की आई सांगायची, "एक सोडून सांग गं." हे त्यांच्या घरातलं वाक्य होतं. इतरांच्या घरी चहाला या म्हणतात तसं त्यांच्या घरी एक सोडून सांग. शाळेत भूमितीच्या पहिल्या तासाला तिनं पट्टीवर एकपासून रेघ मारायला सुरुवात केली होती आणि बाईंनी वही वर धरून सगळ्या वर्गाला दाखवली होती. तिला मात्र कळेना की आपलं काय चुकलं. शेवटी एक सोडायचाच असतो ना? आईला कितीदा विचारलं, याचा पहिला इंच कुठं गेला म्हणून. आई म्हणायची, तुटला. एवढंच. मग सुई ओवायला घ्यायची. सुई ओवताना आईशी कुणी बोलायचं नसे.

घर घेतलं तेव्हा ते अगदी कोरं होतं. आधी ती दोघं भाड्याच्या खोलीत राहायची. तिथली गादी, खुर्ची, आरसा, सगळं मालकाचं होतं, आणि मालकाच्या वस्तूंची भीती मालकाची. इथं मात्र चार भिंती आणि हाकेचा घुमारा. पहिल्या दिवशी ठकी रडली तेव्हा तिचं रडणं रिकाम्या खोल्यांतून फिरून परत आलं आणि ठकीच आपल्या आवाजाला घाबरून आणखी रडली. ठकी म्हणजे त्यांची नऊ महिन्यांची मुलगी. तिचं खरं नाव वेगळं होतं, पण नवऱ्यानं जन्मल्या दिवसापासून ठकीच म्हणायला सुरुवात केली होती. घुमारा जायचा तर घर भरायला हवं होतं. आणि घर भरायचं म्हणजे कोपरे आणायचे, कडा आणायच्या, पडण्याजोगं, ओढण्याजोगं, गिळण्याजोगं काहीतरी आणायचं. वस्तू दारातून आत यायच्या आधी तिच्या डोक्यात यायची आणि तिथं ती पडायची, फुटायची, कुणाच्या तरी घशात अडकायची. दुकानात एका काचेच्या टेबलापुढं ती इतका वेळ उभी राहिली की विक्रेत्यानं पाणी आणून दिलं. नवरा म्हणाला होता, "तुला या दुकानात नोकरीच द्यायला हवी. गिऱ्हाईक आलं की तू पुढं व्हायचंस आणि कुठल्या वस्तूनं माणूस कसा मरतो ते समजावून सांगायचंस." विक्रेता हसला नाही. काचेचं टेबल घेतलं नाही. रात्रीचा दिवा घेतला नाही, कारण त्याची वायर लोंबत होती. बादली घेतली ती झाकणाची. सामान यायच्या आधी एका दुपारी ती पोटावर पालथी पडून कोपरांनी सरपटत सगळं घर फिरली होती, ठकीच्या उंचीवरून काय काय दिसतं ते बघायला, आणि नेमका नवरा कुलूप उघडून आत आला होता. "हरवलं का काही?" त्यानं विचारलं होतं. "अजून नाही," ती म्हणाली होती.

आणि एवढं करून अख्खा इंच.

कागद तिच्या हातात होता. सुतार बोलत होता, दोन्ही बाजूंच्या पट्ट्या काढल्या की अर्धा-अर्धा इंच सुटेल, फार काही नाही, तासाभराचं काम. तिला ते ऐकू येत होतं आणि त्याच वेळी ती मागच्या महिन्यातल्या एका संध्याकाळी होती. हातात टेप, कानामागं पेन्सिल, ठकी कडेवर. कोनाडा मोजला, बेचाळीस. बेचाळीस लिहिलं. एक सोडला नाही, कारण ठकी टेपकडे झेपावत होती, एक हात अडकलेला होता, आणि जे दिसेल ते लिहून टाकावं असं तिनं ठरवलं होतं. नवरा रात्री बसून सुतारासाठी सगळं नीट उतरवून काढणारच होता. त्याला टेपची गोष्ट ठाऊक होती. लग्न ठरल्यावर आईनं त्याच्या सदऱ्याचं माप घेतलं होतं, एकोणीस म्हणून वाचलं आणि अठरा लिहिलं, तेव्हा तो म्हणाला होता, "आई, मी अजून जावई झालोही नाही आणि तुम्ही माझा एक इंच कापलात." आई किती हसली होती. आई फार कमी हसायची. तेव्हा तो एक सोडेल. उतरवताना सोडेलच. हे ती त्याला म्हणाली होती का? म्हणाली असणार. कच्चा कागद त्याच्या पुढ्यात ठेवला होता, तोंडात ठकीच्या दुपट्याचं टोक होतं, आणि तोंडात दुपट्याचं टोक असताना माणूस काय काय म्हणू शकतो? आणि त्यानं काय विचार केला असेल? की ती आईची लेक, लहानपणापासून एक सोडत आलेली, तिनं लिहिलेला आकडा म्हणजे सोडूनच लिहिलेला असणार. त्यानं तो तसाच उतरवला आणि खाली रेघ मारली.

कागदावर तिची नजर खाली खाली गेली. कपाट. त्याच्या खाली चपलांचं कपाट, पडद्यांचे दांडे. त्याच्याही खाली, सगळ्यात शेवटी, ठकीची कॉट. लांबी. रुंदी. आणि कंसात, दोन दांड्यांमधलं अंतर, साडेतीन.

कॉट तीन आठवड्यांपूर्वी आली होती. आत्ता ठकी तिच्यात झोपली होती. दार लोटलेल्या आतल्या खोलीत, करवतीचा आवाज आणि भुसा नको म्हणून दार लोटलेल्या, पाऊण तासापासून.

ती लगेच धावली नाही. पुढं कितीतरी दिवस तिला हे उमगणार नव्हतं की ती लगेच का धावली नाही. बाहेरच्या खोलीपासून आतल्या दारापर्यंत सहा पावलं होती, तिनंच मोजलेली. अडीच इंच, ते अडीच हवं होतं. ठकी पाच महिन्यांची असताना तापानं फणफणली होती आणि तीन दिवस दवाखान्यात काढावे लागले होते. तिथल्या पांढऱ्या कॉटचे दांडे तिनं आईच्याच टेपनं मोजून ठेवले होते. जिथं आजारी बाळं ठेवतात तिथलं माप चुकीचं कसं असेल, असा तिचा हिशेब. तिथली परिचारिका म्हणाली होती, "काय हो, कॉटला झबलं शिवताय की काय?" टेपवर साडेतीन आलं होतं. म्हणजे अडीच. हे तिला तेव्हा पक्कं माहीत होतं, अडीच, अडीच, ती मनात घोकत घरी आली होती, आणि वहीत लिहिताना डोळ्यांनी जे पाहिलं होतं तेच हातानं लिहिलं. साडेतीन. हाताच्या चार बोटांपेक्षा जास्त. साडेतीन इंचांतून डोकं जात नाही. साडेतीन इंचांतून धड जातं. पाय जातात, मग कंबर, मग पोट, मग छाती, मग हात वर होतात, आणि मग डोकं येतं आणि ते जात नाही. हे तिनं कुठं वाचलं होतं की तिला नुसतं दिसलं होतं, आठवेना. तिला इतकं काही दिसायचं. ज्या वस्तूचं तिला कधी काही दिसलं नव्हतं ती एकच वस्तू होती, ही कॉट. ठकीला तिच्यात ठेवलं की तिच्या खांद्यांवरून काहीतरी उतरायचं. सगळ्या घरात ती एकच जागा होती जिथं पाठ फिरवता यायची. आज सकाळीच ती स्वतःशी म्हणाली होती, सुतार येईल तेव्हा कॉटमध्ये टाकली की झालं.

दार उघडून बघितलं नाही तोवर ठकी झोपलेली आहे, असा विचार तिच्या मनात आला. मग तो विचार आपल्या मनात यावा याचीच तिला भीती वाटली. आतून आवाज नव्हता. झोपलेल्या मुलाचा आवाज नसतोच. सुतार मागून म्हणाला, "ताई, चालेल ना मग? पट्ट्या काढू?" ती म्हणाली, "थांबा." दाराच्या मुठीला नव्या रंगाचा चिकटपणा होता. तळहात सुटताना त्याचा चट्ट असा बारीक आवाज झाला, तो तिला ऐकू आला.

खोलीत पडद्यातून पिवळट उजेड होता. ठकी कॉटच्या आत होती आणि नव्हती. डोकं गादीवर, गाल एका बाजूला दाबलेला, तोंड उघडं. पोटावर पालथी. आणि दोन्ही पाय दांड्यांच्या मधून बाहेर, मांड्यांपर्यंत, कमरेपर्यंत, कॉटच्या कडेवरून खाली लोंबत. झबलं काखेपर्यंत वर चढून गुंडाळलं गेलेलं. पाय अगदी सैल होते, दुसऱ्याच कुणाचे असावेत तसे. जमिनीपासून ते वीतभर वर होते. त्या दोन पायांकडे बघताना त्यांचा रंग कसला आहे हे तिला ठरवता येईना. पडद्यामुळं सगळ्याच गोष्टी पिवळ्या होत्या.

गुडघ्यांवर केव्हा बसली ते तिला कळलं नाही. तिनं पायांना हात लावला. ऊन होते. एका पायाचा अंगठा हलला, झोपेत माशी हाकलावी तसा. कंबर बाहेर आली होती पण पोट आलं नव्हतं, कारण मध्ये लंगोटाची घडी दांड्यांत चोंदून बसली होती. आज तिनं दुहेरी लंगोट बांधला होता. एरवी बांधायची नाही, ठकीला घाम येतो म्हणून. आज सुताराच्या गडबडीत मधे बदलायला वेळ मिळणार नाही म्हणून आळसानं दुहेरी. इतक्या महिन्यांची सगळी राखण, कोपरांवर सरपटणं, झाकणाची बादली, आणि ठकीला आत धरून ठेवलं होतं ते तिच्या आळसानं. तिनं मांड्या धरून आत ढकलायला सुरुवात केली. ठकी कण्हली आणि आणखी बाहेर सरकली.

"ढकलू नका," सुतार दारातून म्हणाला. तो केव्हा आला होता कुणास ठाऊक. मोठ्यानं बोलला नाही. "ओढायचंही नाही आणि ढकलायचंही नाही. तुम्ही खालून वजन उचला, ताई. नुसतं वजन." तिनं दोन्ही तळवे पायांखाली धरून ठकीला वर तोललं. सुतार कॉटच्या पलीकडून वाकला, खरखरीत हात ठकीच्या काखांत घातले आणि तिला हळूच कुशीवर वळवली. कंबर आडवी झाली तशी दांड्यांच्या मधून सुळकन आत आली, कपाटाला जमलं नव्हतं इतकी सहज. लंगोट सुटून बाहेर राहिला. ठकीनं डोळे उघडले. एक अनोळखी म्हातारं तोंड आपल्या इतकं जवळ का आलंय याचा तिनं विचार केला, रडावं का यावर मन बनवलं, आणि मग त्याच्या कानामागची पेन्सिल दिसल्यावर ती धरली.

"घे बाई," सुतार म्हणाला, "तुझीच आहे." त्यानं पेन्सिल सोडली नाही. टोक आपल्या मुठीत धरून ठेवलं आणि तिला मागच्या बाजूनं खेळू दिलं.

ती ठकीला घेऊन भिंतीला टेकून खाली बसली. ठकीच्या कमरेवर दोन लालसर रेघा होत्या, दांड्यांच्या. ती त्यांच्यावरून बोट फिरवत राहिली. सुतार कॉटपुढं उकिडवा बसला आणि त्यानं दोन दांड्यांमध्ये आपली मूठ घातली. मूठ आरपार गेली. "करतानाच माझ्या डोक्यात आलं होतं," तो कॉटकडे बघतच म्हणाला. "साडेतीन जरा ढिलं वाटलं. आम्ही करतो ते अडीचच्या आत. पण साहेबांचं अक्षर असं खणखणीत. खाली रेघ मारलेली. म्हटलं शिकलेली माणसं आहेत, कुठंतरी वाचून लिहिलं असेल. आपण कशाला तोंड घाला." त्यानं मूठ बाहेर काढली. "विचारायला हवं होतं," तो म्हणाला. ती त्याला म्हणू शकली असती की तुमची चूक नाही. म्हणाली नाही. एका इंचावर तीन माणसांनी विश्वास टाकला होता, प्रत्येकानं दुसऱ्यावर, आणि त्यातलं एक माणूस तिच्याइतकंच घाबरून समोर बसलेलं होतं हे बघून तिला, लाज वाटली तरी, थोडं बरं वाटलं.

"माझ्या नातवाला खुर्चीत असंच..." सुतारानं सुरुवात केली आणि सोडून दिलं.

कपाटाच्या पट्ट्या त्यानं काढल्या त्या अर्ध्या इंचाच्या, उंचच उंच. त्यातल्या कापून त्यानं कॉटच्या प्रत्येक दोन दांड्यांमध्ये एक एक बसवली. ती ठकीला घेऊन पूर्ण वेळ तिथंच बसून राहिली. त्यानं प्रत्येक पट्टी बसवली की ती उठून मूठ घालून बघायची, मग चार बोटं, मग दोन. दोन जेमतेम जायची. त्यानं एकदाही वैतागून पाहिलं नाही, उलट आपणच म्हणायचा, "बघा, ताई." कॉट आता विचित्र दिसत होती, एक दांडा जाड आणि गोल, एक पट्टी बारीक आणि चपटी, कोंबड्यांच्या खुराड्यासारखी. कपाट कोनाड्यात गेलं ते जराही आवाज न करता. भिंतीला दोन ठिकाणी घट्ट ठोकून, हलवून दाखवून, सुतार निघाला. दारात चपला घालताना म्हणाला, "पोलादी टेप इथंच ठेवून जातो. माझ्याकडे दुसरा आहे. राहू दे तुमच्याकडे." ती नको म्हणाली नाही.

मग घरात ती आणि ठकी. घुमारा आता राहिला नव्हता. ठकीनं टाळी वाजवली तर टाळी तिथंच संपली. ती ठकीला कडेवर घेऊन उभी राहिली आणि तिला कुठंच बसावंसं वाटेना. पडद्यांचे दांडे, चपलांचं कपाट, स्वयंपाकघरातलं फळकूट, एकेक वस्तू तिच्याकडे बघत होती. तिनं आईला फोन लावला.

"बोल गं," आई म्हणाली. मागं मशीन चालू होतं.

"आई, तुझ्या टेपचा पहिला इंच कुठं गेला?"

"आज काय एकदम टेप?"

"सांग ना."

"तुटला."

"कसा तुटला?"

मशीन थोडा वेळ तसंच चाललं, एक शिवण पूर्ण होईपर्यंत. मग आई म्हणाली, "तू आठ महिन्यांची होतीस. घाईचं काम होतं, रात्रीपर्यंत द्यायचं होतं. तू खाली बसून टेपशी खेळत होतीस. किती शांत बसलीय म्हणून मला बरं वाटलं बघ. एक बाही झाली, दुसरी झाली. मग मला वाटलं, ही फारच शांत आहे. वळून बघते तर तोंड निळं. टोकाला पितळेची चिमटी असायची ना, ती चावून चावून सुटलेली आणि आत गेलेली. बोट घातलं. माझंच नख लागून रक्त आलं तुझ्या तोंडातून. आली बाहेर. तू रडायला लागलीस तेव्हा मी खाली बसले ती उठलेच नाही. मग कात्री घेतली आणि तेवढा इंच कापून टाकला. चावून चोथा झाला होता त्याचा."

"मग नवा टेप का नाही आणलास?"

"आणला असता. चार आण्यांचा तर टेप. मुद्दाम ठेवला. दर वेळी एक सोडायला लागला की आठवायचं, मागं वळून बघायचं. तू लग्न होऊन गेलीस तरी मी वळून बघायचे, सवयीनं. कुणाला सांगितलं नाही. तुझ्या बाबांनासुद्धा नाही. काय सांगणार?"

तिच्या तोंडात एकाएकी पितळेची चव आली, ओल्या नाण्यासारखी. तिला ती आठवत होती की आत्ताच तयार झाली, सांगता आलं नसतं. ठकी तिच्या गळ्यातली साखळी ओढत होती.

"आज का विचारलंस?" आईनं विचारलं.

"सहज."

मशीन थांबलं. इतकं पूर्ण थांबलं की आईच्या खोलीतल्या पंख्याची करकर ऐकू येऊ लागली.

"ठकी कुठंय?"

"ही काय, कडेवर."

"आवाज ऐकव."

तिनं फोन ठकीच्या तोंडाशी धरला. ठकी आधी गप्प बसली, कुणी हात पुढं केला की बसते तशी. मग फोनला जीभ लावून बघितली, आणि मग "ब ब ब" असं तिचं ते पाढे म्हटल्यासारखं सुरू झालं. शेवटी फोनमधून एक लांब श्वास आला, आणि मग फक्त, "बरं. ठेवते. काम पडलंय." पण मशीन सुरू झाल्याचा आवाज काही आला नाही, आणि दोघींनीही बराच वेळ फोन ठेवला नाही.

नवरा आला तेव्हा उन्हं उतरली होती. दारातच त्यानं कपाट पाहिलं आणि खूश होऊन थाप मारली. "बसलं की! मी म्हटलं होतं ना, मापात असलं की आपोआप बसतं." हात धुवायला आत गेला आणि आतल्या खोलीच्या दाराशी थांबला. "अरे, हे काय? कॉटला जादा पट्ट्या कशाला? नवी फॅशन का?"

ती त्याच्या मागं उभी होती. "सहज" हा शब्द तिच्या जिभेवर तयार होता, गुळगुळीत, आईच्या "तुटला"सारखाच वापरून झिजलेला. तो म्हटला की त्यानं हात धुतले असते, चहा झाला असता, आणि आजची दुपार आपल्या जागी जाऊन बसली असती, आईच्या दुपारीशेजारी. आणि मग ठकी मोठी झाली असती, आणि एखाद दिवशी तिनं विचारलं असतं की आई, आपल्याकडची कॉट अशी खुराड्यासारखी का होती. ती म्हणाली असती, सहज. तिनं खुंटीवरचा पिवळा टेप काढून त्याच्या हातात दिला.

"टोकाला काय आकडा आहे बघ."

"एक," तो न बघताच म्हणाला. "माहीत आहे की. तुमच्याकडचा खानदानी टेप." मग त्यानं तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि त्याचं हसू अर्ध्यावर राहिलं. "काय झालं?"

"चिठ्ठी उतरवलीस तेव्हा एक सोडला होतास?"

"मी? तू सोडलेला असणार ना. तुझे आकडे होते ते."

"मला वाटलं, तू सोडशील."

तो टेपकडे बघत राहिला. मग कॉटकडे. मग तिनं सांगितलं, लंगोटासकट, पायांसकट, आपण सहा पावलं लगेच टाकली नाहीत हे देखील. ते सांगताना तिचा आवाज फारच साधा निघाला, भाजी संपलीय सांगावं तसा. तिचं झाल्यावर त्यानं ठकीचं झबलं वर करून त्या दोन रेघा पाहिल्या. आता त्या जवळजवळ पुसल्या होत्या, आहेत असं माहीत असेल तरच दिसत होत्या. त्यानं त्यांच्यावर अंगठा ठेवला आणि तो तसाच राहिला. त्याचा चेहरा तिनं कधी पाहिला नव्हता असा झाला होता. हाच चेहरा आपण आरशात रोज बघतो, तिच्या लक्षात आलं. या घरात भीतीचं सगळं काम आजवर ती एकटी करत होती. आता त्याच्याही वाट्याला ते आलं. त्याची तिला दया आली, आणि एकटीच्या खांद्यावरचं ओझं दुसऱ्यानं एका टोकानं उचलावं तसं हायसंही वाटलं, आणि लगेच भीती दुप्पट झाली. कारण आता ती खरी होती. तो हसण्यावारी नेत होता तोवर ती निदान तिचा वेडेपणा असू शकत होती.

"अजून काय काय मोजलं होतंस या टेपनं?" त्यानं विचारलं.

"सगळं."

तो उठला. खिडकीपाशी गेला, गजांना हात लावून परत आला. फळकुटाखाली वाकून बघितलं. मग त्यानं चिठ्ठी उलगडून जमिनीवर पसरली, सुताराचा पोलादी टेप उचलला आणि त्याचं टोक तिच्यापुढं धरलं. पहिल्या गजापासून सुरुवात करायची होती. एकानं एक टोक धरायचं, दुसऱ्यानं आकडा वाचायचा, आणि दोघांनी मोठ्यानं म्हणायचा, म्हणजे कुणी कुणावर सोडायचं नाही. त्याला टेपसाठी दोन्ही हात हवे होते. तिलाही हवे होते. ठकी तिच्या कडेवर जांभया देत होती, डोकं तिच्या खांद्यावर घासत होती, झोपायला आली होती. दोघांनी एकदम आतल्या खोलीकडे बघितलं. कॉट तिथं होती, मूठ न जाणारी, तिनं स्वतः पंधरा वेळा तपासलेली. चार भिंती, चार महिने जमवलेलं सामान, कपाट, टेबल, पडदे, आणि मधे टेप ताणून ती दोघं उभी राहिली. बाहेर दिवे लागले, तरी ठकीला खाली कुठं ठेवावं हे कुणालाच सुचेना.